वरच्या विहिरीचा खालच्या विहिरीशी जाहलेला तह

वाचणाराचे कल्याण असो आणि त्याच्या विहिरीस पाणी असो. वरच्या रानाने खालच्या रानाशी पाण्यावरून जी मोहीम मांडिली, तीत ओलीस कोण गेले, दगा कोणाच्या हातून जाहला आणि फत्ते कोणाची म्हणावी, याविषयी ज्याच्या तोंडास जे येईल ते तो बोलू लागला. सबब साद्यंत हकीकत लिहून ठेवणे प्राप्त जाहले. यात पदरचे काही घातले नाही. जेथे मोजले तेथे माप दिले, जेथे मोजता आले नाही तेथे अदमासे ऐसे म्हटले.

प्रथम, मोहिमेपूर्वी मुलुखात काय होते त्याची मोजदाद. विहिरी दोन, एक वरच्या रानात, एक खालच्या, मध्ये हाकेचे अंतर. पंप दोन. पंपघरे दोन, दोहोंवर पत्रा. बोअर तीन, तिन्ही वरच्या रानात. पैकी दोन कोरडे आणि तिसऱ्यात कान लावल्यास वारा ऐकू येतो. वरच्या रानात टोमॅटो आणि मका. खालच्या रानात लिंबाची रोपवाटिका; मोठी रोपे अदमासे सहा हजार, ट्रेमधील कोवळी अडीच हजार. बांध एक, दोहोंमधला, त्यावर लिंबाचे जुने झाड एक. भाऊ एक, बहीण एक. त्यांच्यात बोलणे नाही.

वरच्या विहिरीचे धनी यांस सर्व लोक थोरले म्हणत. स्वभावे सरळ, परंतु एकदा बोललेले मागे घेण्याची सवय नाही. खालच्या विहिरीच्या स्वामिनी त्यांच्या धाकट्या भगिनी. पती वारल्यावर माहेरचा वाटा कसून त्यांनी रोपवाटिका उभारली आणि नावलौकिक मिळविला. थोरल्यांची कन्या त्यांस आत्या म्हणे, सबब या हकीकतीत त्या आत्यासाहेब. ही कन्या परगावी राहून भूगर्भाची विद्या शिकली आणि पदवीबरोबर पन्नास मीटरची फीत घेऊन घरी परतली. फितीच्या टोकास शिशाचे वजन बांधून ज्या विहिरीवरून जाईल तीत ती सोडून पाहण्याची तिला खोड लागली, तेव्हापासून लोक तिला टेपबाई म्हणू लागले. थोरल्यांचे कुटुंब आईसाहेब. त्या कोणत्याही पक्षात नव्हत्या आणि दोन्ही स्वयंपाकघरांत त्यांचे जाणे होते, सबब उभयपक्षांची वकिली त्यांच्याकडे आपोआप आली.

कलहाचे मूळ ऐसे. आदल्या साली उन्हाळ्यात खालच्या विहिरीचे पाणी हटले तेव्हा आत्यासाहेबांनी आरोप ठेविला की दादाचा पंप माझे पाणी ओढतो. त्यावर थोरल्यांनी जाहीर केले की माझ्या विहिरीचा झरा डोंगराकडचा, तिच्या विहिरीचा ओढ्याकडचा, दोहोंचा काडीचा संबंध नाही, आणि ज्यास आपली विहीर सांभाळता येत नाही त्याने दुसऱ्याच्या विहिरीत डोकावू नये. मग तिकडून उत्तर आले, मग इकडून गेले, मग खालच्या रानाकडे उघडणारी खिडकी थोरल्यांनी लावून घेतली आणि त्या खिडकीपाशी धान्याची कोठी सरकविली.

टेपबाईस संशय की झरे दोन नाहीत. दोन्ही विहिरींच्या भिंती तिने उतरून पाहिल्या होत्या. वर मुरूम, खाली तोच चिरा पडलेला खडक, तोच रंग, त्याच तिरप्या भेगा. परंतु ही गोष्ट जेवताना काढली की थोरले म्हणत, माझी विहीर जागची हललेली नाही, लाल पट्ट्याला पाणी कायम आहे.

या लाल पट्ट्याची चौकशी करण्यास्तव टेपबाई जातीने विहिरीत उतरली. पट्टा खराच होता आणि पाणी खरेच त्याला टेकले होते. परंतु तो पट्टा विहिरीच्या भिंतीवर नव्हता. पंपाच्या पाइपावर ओढलेला होता. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेले की थोरले पाइपास नवा तुकडा जोडीत आणि पंप खाली सोडीत, आणि मग पट्टाही पंपाबरोबर खाली जाई आणि पुन्हा पाण्यास टेके. टेपबाईने वरपर्यंत जोड मोजले, ते पाच भरले. वर येऊन तिने हा प्रकार वडिलांचे कानी घातला. थोरल्यांनी बराच वेळ पाइपाकडे पाहिले आणि निवाडा दिला की पट्टा ऑइल पेंटचा आहे, इतकी वर्षे निघाला नाही.

तेव्हा टेपबाईने मसलत केली की मुलुखात एक तरी गोष्ट ऐसी असावी जी जागची हलत नाही. तिने वरच्या विहिरीच्या कठड्यात पोलादी खिळा ठोकला आणि फर्मान काढले की यापुढे सर्व मोजणी खिळ्यापासून. खालच्या विहिरीसही तसाच खिळा पाहिजे होता, परंतु आत्यासाहेबांनी कळविले की थोरल्यांचा खिळा माझ्या कठड्यात शिरणार नाही. यावर आईसाहेब स्वतः हातोडी घेऊन गेल्या आणि समजावले की हा खिळा थोरल्यांचा नाही, माझ्या स्वयंपाकघरातला आहे, यावर माझे कॅलेंडर टांगलेले असे. मग खिळा बसला. त्या रोजची मोजणी: खिळ्यापासून पाण्यापर्यंत वरची विहीर अकरा मीटर चाळीस, खालची नऊ मीटर दहा.

इतक्यात बातमी आली की थोरल्यांनी चौथा बोअर नेमला. यंत्राचे सरदार स्वतः येऊन जागा पाहून गेले आणि बांधालगत, खालच्या विहिरीच्या अंगास, चुन्याने फुली मारून गेले. या खेपेस पहिल्या तिहींच्या दुप्पट खोल जाणार, ऐसा मनसुबा. ती फुली आत्यासाहेबांनी आपल्या पायरीवरून पाहिली. त्या भांडल्या नाहीत, निरोप पाठविला नाही. आईसाहेब संध्याकाळी गेल्या तेव्हा त्या ट्रेमधील तण काढीत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या की बोअर लागला की माझी विहीर संपली. रोपे विकून टाकीन आणि शहरात मुलाकडे जाऊन राहीन, चौथा मजला आहे, गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांना पाणी घालीत बसेन.

आईसाहेबांनी हे भाजी चिरता चिरता सांगितले. टेपबाईच्या डाव्या अंगठ्यावर एक जुना व्रण आहे. लहानपणी आत्यासाहेबांपाशी लिंबाच्या फांदीचा डोळा काढून कलम बांधण्यास शिकताना चाकू लागला होता तो. तिने त्या व्रणावरून बोट फिरविले आणि उठून थेट ओसरीवर गेली आणि वडिलांस म्हणाली की विहिरी दोन असल्या तरी पाणी एकच आहे, आणि तुम्ही जे भोक पाडणार ते आपल्याच हंड्याच्या बुडाला पाडणार.

थोरले चप्पल घालीत होते ते थांबले.

"दाखव मला," ते म्हणाले. "पुस्तकातलं नको. विहिरीतलं दाखव. दिसलं तर यंत्र परत पाठवतो."

"दोन्ही पंप बंद ठेवावे लागतील. पाणी वर चढू द्यायचं. मग एकच चालू करायचा आणि दुसऱ्या विहिरीत बघायचं."

"मी करतो बंद. ती करेल?"

हाच प्रश्न, शब्दही तेच, आईसाहेबांनी खालच्या रानातून आणला. आपण पंप थांबवावा आणि तेवढ्यात समोरच्याने चालवावा, ही धास्ती दोन्ही दरबारांत सारखी. मोहीम येथे अडकली. मग आईसाहेबांनी ऐसी तजवीज काढली की तीपुढे टेपबाईची विद्या फिकी पडली. त्यांनी सुचविले की दोघांनी एकमेकांच्या घरी ओलीस बसावे. थोरल्यांनी खालच्या पंपघरात बसावे आणि आत्यासाहेबांनी वरच्या. ज्याचा पंप सुरू होईल तो समोर बसलेल्या वैऱ्याने तत्क्षणी लाल बटण दाबून बंद करावा. वेळ टेपबाईने ठरवावी आणि ती म्हणेल तेव्हा एकानेच चालवावा. दोन्ही पक्षांनी कलमे ऐकली, खोड काढण्याजोगे काही सापडेना, सबब नाइलाजाने कौल दिला.

आता तहात जे राहून गेले ते सांगणे जरूर. स्टार्टरच्या पेटीशेजारी ऑटो म्हणोन एक लहानसा डबा असतो. विजेचा नेम नसल्यामुळे मुलुखातील सर्वांनी तो बसवून घेतला आहे. वीज आली की धनी जेवत असो, निजला असो की परगावी असो, हा पंप चालू करतो. असा इमानी चाकर दुसरा नाही आणि कोणाचा हुकूम न विचारणाराही दुसरा नाही. तहात या चाकराचे नाव घालण्याचे थोरल्यांस सुचले नाही, आत्यासाहेबांस सुचले नाही, आणि ज्या टेपबाईने खडकाच्या भेगा मोजल्या तिलाही सुचले नाही.

नेमल्या दिवशी सकाळी दोन्ही स्वाऱ्या निघाल्या. बांधावर, जुन्या लिंबाखाली, एक वर जाताना आणि एक खाली जाताना गाठ पडली. आत्यासाहेबांनी झाडाकडे पाहिले, थोरल्यांनी आभाळाकडे, आणि उभयतां पुढे गेले. थोरल्यांनी सोबत पाण्याची बाटली नेली होती, कारण शत्रूच्या मुलुखात पाणी पिणे नाही. आत्यासाहेबांनी त्याच विचाराने चहाचा थर्मास नेला होता. वीज गेलेली होती. वारा कडक होता. टेपबाई वरच्या विहिरीच्या कठड्याशी बसून फीत सोडी आणि शिसे पाण्यास लागल्याचा आवाज ऐके आणि मग खिळ्यापाशी आकडा वाची. पाणी हळूहळू चढत होते. अकरा मीटर चाळीसवरून अकरा मीटर एकतीसवर आले आणि टेपबाईस मोहीम आटोपल्यासारखे वाटू लागले.

खालच्या पंपघरात थोरल्यांस बसण्यास प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिचा एक पाय आखूड होता. समोर दाराबाहेर जाळीच्या सावलीत ट्रे मांडलेले, त्यांत अडीच हजार कोवळी रोपे. आदल्या दुपारी वीज गेली तेव्हापासून त्यांस पाणी नव्हते. थोरल्यांनी प्रथम त्यांच्याकडे पाहिले नाही, कारण ती वैऱ्याची प्रजा. मग करमेना म्हणोन पाहिले. प्रत्येक ट्रेवर आत्यासाहेबांच्या अक्षरात कलमाच्या जातीची चिठ्ठी होती. थोरल्यांनी वाकून एक वाचली आणि मग दुसरी आणि मग चष्मा लावून तिसरी. सगळ्यांवर एकच जात: 'दादाचा बांध'. बांधावरच्या त्या जुन्या झाडाचे डोळे घेऊन ही कलमे बांधली होती. गिऱ्हाइके आजवर याच नावाने मागून नेत आली आणि थोरल्यांस त्याची वार्ता नव्हती. थोरले पुन्हा खुर्चीवर बसले, खुर्ची कलली, त्यांनी तिच्या पायाखाली वीट सरकविली, आणि आपल्या नावाची अडीच हजार रोपे ऊन वाढेल तसतशी एकेक मान टाकू लागलेली पाहत राहिले.

भर दुपारी वीज आली.

दोन्ही चाकरांनी आपले काम केले. वरच्या पंपघरात टक् ऐसा आवाज होऊन थोरल्यांचा पंप गर्जला. आत्यासाहेब थर्मासचे झाकण हातात घेऊन होत्या, ते त्यांनी खाली टाकले आणि लाल बटणावर तळहात असा मारला की स्टार्टरवरची धूळ उडाली. पंप थांबला. क्षणभर त्यांनी मानले की दादाने दगा केला, आणि मनातून त्यांस हलके वाटले, कारण दग्याची तयारी करून आलेल्या माणसास दगा न होणे फार अवघड जाते. परंतु ऑटोचा डबा नजरेस पडला, आणि तसाच डबा आपल्याही भिंतीवर आहे हे स्मरले, आणि त्या हळहळत पुन्हा खाली बसल्या. आपलाही पंप उठला असणार, परंतु तेथे दादा बसला आहे आणि बटण दाबण्यात तो कसूर करणारा नव्हे, ऐसा त्यांस वैऱ्याविषयी पूर्ण इतबार होता.

खाली थोरल्यांनीही बटणावर बोट ठेविले होते. ही गोष्ट नोंदवून ठेवणे जरूर, की बोट ठेविले होते. मग त्यांनी दाराबाहेर पाहिले. मग बोट काढले. मग आपल्याशीच ठरविले की या एका ओळीपुरते, आणि भिंतीवरचा रबरी पाइप उतरविला.

इकडे टेपबाईने फीत सोडली आणि आकडा वाचला, तो अकरा मीटर तेहतीस आला. आपली चूक जाहली म्हणोन तिने पुन्हा सोडली. मग फीत पुसून कोरडी केली, खडू लावला, पुन्हा सोडली. अकरा मीटर पस्तीस. वरचा पंप बंद होता, हे ती आपल्या कानांनी ऐकत होती. पाणी चढावयाचे ते उतरत होते. तिने वरच्या पंपघराकडे हाक दिली की आत्या, जरा इकडे ये. आत्यासाहेब आल्या आणि कठड्यावरून वाकल्या.

"आत्या, कुठला तरी पंप चालू आहे."

"तुझ्या बापाचा मी बंद केला. आल्या आल्या मुस्काटात मारावी तसा बंद केला."

"मग तुझा."

"माझा कसा चालू असेल? तिथे तुझा बाप बसलाय."

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग खालच्या रानाकडे. वारा पडला होता आणि आता ऐकू येत होते. मग आत्यासाहेब पुढे, टेपबाई फीत गुंडाळीत मागे, ऐशा बांध उतरल्या.

थोरले गुडघ्यापर्यंत भिजलेले, चप्पल बाहेर काढून ठेवलेली, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक धार करून रोपांस पाणी घालीत होते. एक ओळ म्हणाले होते, ती केव्हाच संपून शेवटची ओळ चालू होती. बहिणीस पाहून त्यांनी पाइप लपविण्याचा यत्न केला, परंतु वाहता पाइप लपत नाही.

आत्यासाहेब दाराशी थांबल्या. या बहीणभावांत बोलणे बंद होते, ते येथे सुरू जाहले.

"दादा, तुला पंप बंद करायला बसवलं होतं."

"करणारच होतो. ही पोरं माना टाकून बसली होती. मी काय नुसता बघत बसू?"

"तह मोडलास की रे."

"तुझ्याच बाजूनं मोडलाय, काय बोंबलतेस. आणि जोरात मारू नये यांना पाणी, तुझ्या त्या पोऱ्याला सांग, माती उडते मुळावरची."

"मीच घालते पाणी."

"मग तुलाच सांगतो."

आत्यासाहेब पहिल्या ओळीतील ट्रेवर वाकल्या, एका रोपाच्या बुडाशी माती बोटाने चाचपली आणि हात पदराला पुसला. टेपबाईस या वेळी थांबावे ऐसे वाटले, परंतु आकडा हाती असता थांबणे तिच्या स्वभावात नव्हते.

"बाबा, वरच्या विहिरीचं पाणी उतरतंय."

"माझा पंप कुणी चालू केला?" थोरल्यांची नजर बहिणीकडे गेली.

"कुणीच नाही. बंद आहे तो. तुमच्या हातात जो पाइप आहे ना, त्यातून तुमच्याच विहिरीचं पाणी येतंय."

थोरल्यांनी पाइपाकडे पाहिले. अंगठा सुटला आणि धार त्यांच्या पायावर पडू लागली. मग त्यांनी मान वर करून वरच्या विहिरीचा कठडा येथून दिसतो की नाही हे पाहिले. दिसत होता. ते बांध चढून गेले, स्वहस्ते फीत सोडली, कान देऊन शिशाचा आवाज ऐकला, आणि आकडा वाचण्यास चष्मा खाली राहिला म्हणोन कन्येस हाक मारिली. अकरा मीटर सदतीस. वीज आल्यापासून सहा सेंटिमीटर उतार, पंप बंद असता.

आत्यासाहेब मागोमाग आल्या होत्या. त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती ती या घटकेची, आणि विजयाची वाक्येही तयार ठेविली होती. परंतु आकडा उलट बाजूने निघाला. दादा माझे पाणी ओढतो हे सिद्ध व्हावयाचे, ते मी दादाचे ओढते ऐसे सिद्ध जाहले. कन्येने खुलासा केला की दोन्ही खरे, उद्या वरचा चालवून खालची मोजू. उभयतांनी एकदम सांगितले की नको, कळले.

टेपबाई महाविद्यालयात जसा प्रयोग शिकली तसा तो त्या रोज एका कलमातही पार पडला नाही. ऑटोने पंप चालविले, एका वैऱ्याने नियम पाळला, दुसऱ्याने मोडला, आणि जे दिसावयाचे ते मोडल्यामुळे दिसले. हे तिने आईसाहेबांस सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की म्हणूनच त्यांना तिथे बसवले, रोपे सुकताना पाहणे त्यांस जमत नाही, लग्न जाहल्यापासून पाहते. हे आधी ठाऊक होते की मागाहून जुळविले, याचा उलगडा जाहला नाही.

दोन दिवसांनी बोअरचे यंत्र धूळ उडवीत आले आणि चुन्याच्या फुलीपाशी उभे राहिले. फुलीवर आत्यासाहेबांनी लिंबाचे रोप लावून ठेविले होते. थोरले सामोरे गेले आणि सरदारांस कळविले की बेत रहित. सरदारांनी कारण विचारले तेव्हा थोरल्यांनी इतकेच सांगितले की खाली माझेच पाणी आहे. सरदारांस अर्थ लागला नाही, परंतु शेजारच्या रानातून त्यांस बोलावणे होतेच. यंत्र तिकडे वळले. टेपबाईने ते पाहिले आणि घरात जाऊन हातोडी आणि खिळ्यांची पुडी घेतली आणि त्याच्या मागोमाग निघाली.

तहाची कलमे आईसाहेबांच्या स्वयंपाकघरात ठरली, ती ऐसी. दोन्ही ऑटो काढून आईसाहेबांच्या खणात कैद ठेवावे आणि पंप माणसाने चालवावे. एका दिवशी एकच पंप चालावा, दुसऱ्या दिवशी दुसरा. मक्याचे रान निम्मे करावे आणि टोमॅटोस ठिबकने पाणी द्यावे. आत्यासाहेबांनीही मोठ्या रोपांस पाटाने पाणी सोडणे बंद करावे. तिन्ही बोअरांभोवती खड्डे खणून दगड, खडी आणि वाळू भरावी, म्हणजे पावसाचे रानातून वाहून जाणारे पाणी गाळून त्यांत उतरेल. उपसण्यास्तव पाडलेल्या बोअरांस याप्रमाणे भरण्याचे काम दिले गेले. धान्याची कोठी खिडकीपासून हटवावी, ऐसेही एक कलम आईसाहेबांनी मधेच घातले आणि त्यावर कोणी चर्चा केली नाही. लाल पट्ट्याचे काय करावे हा विषय निघाला, तेव्हा थोरल्यांनी तो राहू द्यावा ऐसे सांगितले, कारण पेंट चांगला आहे.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. पावसाळा मध्यम गेला. पुढील उन्हाळ्यात, त्याच महिन्यात, दोन्ही पंप बंद ठेवून थोरल्यांनी फीत धरिली, आत्यासाहेबांनी शिसे सोडले आणि टेपबाईने आकडा वाचला. खिळ्यापासून पाण्यापर्यंत वरची विहीर गतसाली अकरा मीटर चाळीस होती ती दहा मीटर पंच्याऐंशी, खालची नऊ मीटर दहा होती ती आठ मीटर साठ.